‘एकच प्याला’ आणि प्रेमाच्या अनेक तऱ्हा

‘एकच प्याला’ हे दारूचे दुष्परिणाम दाखविणारे नाटक, ही त्याची ओळख इतकी रूढ झाली आहे की, ते वाचण्यापूर्वीच त्याचे तात्पर्य आपल्याला पाठ असते. सुधाकर दारू प्याला आणि त्याचा संसार बुडाला. एवढेच सांगावयाचे असते तर एक हस्तपत्रक पुरले असते. त्यासाठी पाच अंकांचा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. दारूच्या विरुद्ध त्या काळात व्याख्याने झाली, कीर्तने झाली, पुस्तके निघाली. त्यांतली बहुतेक आज कोणास आठवत नाहीत, आणि हे नाटक मात्र शंभर वर्षे उलटून गेली तरी उभे आहे. ह्याचे कारण आमच्या मते असे की, ह्या नाटकातील बहुतेक प्रत्येक माणूस कोणावर तरी मनापासून प्रेम करतो, आणि तरीही घर बुडते. प्रेमाचा दुष्काळ पडल्यामुळे बुडालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण प्रेम भरपूर असताना घर का बुडावे, हा गडकऱ्यांनी घातलेला प्रश्न आहे, आणि हर्सूलच्या ह्या व्यासपीठावरून आम्हाला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे गेली, आणि जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेव्हा ह्या नाटकाकडे आम्ही पाहतो ते अलंकारांच्या आणि कोट्यांच्या दृष्टीने पाहत नाही. कोणत्या माणसाच्या पाठीशी काय होते, कोणाला कोठे आधार मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, ह्याचा हिशेब मांडण्याची आमची सवय आहे. तोच हिशेब येथे मांडतो.

प्रथम काळ पाहू. राम गणेश गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते वारले. कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नावाने, विनोदी लेख ‘बाळकराम’ ह्या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने, असा हा एकाच माणसाचा तीन माणसांएवढा कारभार होता. ‘एकच प्याला’ लिहून झाले होते, पण ते रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आजारपणामुळे त्यातील पदे वि. सी. गुर्जर ह्यांनी रचली. गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास पहिला प्रयोग केला, तेव्हा लेखकाला जाऊन एक महिनाही पुरा झाला नव्हता. सिंधूचे काम बालगंधर्वांनी आणि सुधाकरचे गणपतराव बोडसांनी केले.

त्याच जानेवारी महिन्यात मुंबईत काय चालले होते, हे नाटकाच्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही. कामगारांच्या इतिहासात मात्र सांगतात. महायुद्ध नुकतेच संपले होते. धान्य आणि कापड महाग झाले होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने घरेच्या घरे ओस पाडली होती. अशा वेळी मुंबईच्या कापड गिरण्यांतील लाखावर कामगार संपावर गेले. मुंबईच्या गिरणधंद्यातला हा पहिला सार्वत्रिक संप होय. नाटकाचा आणि संपाचा एकमेकांशी काही संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. सुधाकर हा वकील आहे, गिरणी कामगार नव्हे. परंतु ज्या वर्षी हजारो माणसे ‘आमच्या पोटाचे काय’ असा प्रश्न एकवटून विचारीत होती, त्याच वर्षी रंगभूमीवर एक सुशिक्षित स्त्री पोटासाठी दुसऱ्याची दळणे दळीत एकटी बसली होती. तिला आपला प्रश्न कोणापाशी मांडावयाचा हेच ठाऊक नव्हते. हे दोन देखावे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

कथा सर्वांना माहीत आहे, तरी तिचा सांगाडा डोळ्यांपुढे असावा. सुधाकर हा बुद्धिमान आणि तितकाच मानी वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, खटका उडतो आणि त्याची सनद काही काळ काढून घेतली जाते. त्या जळत्या मनःस्थितीत त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे घर खालावत जाते. सिंधूचा श्रीमंत भाऊ पद्माकर तिला न्यावयास येतो, ती जात नाही. मित्र रामलाल समजावतो, ते चालत नाही. सुधाकर एकदा खरोखर दारू सोडतो, पण पुन्हा घसरतो. अखेरीस नशेत त्याच्या हातून तान्हे मूल जाते, सिंधू जाते, आणि तो स्वतः विष घेतो. ह्याच्या जोडीला दुसरी एक कथा चालते. सुधाकरची बालविधवा बहीण शरद, आणि प्रेमभंगाने दारूच्या आहारी जाऊन पुन्हा माणसांत आलेला भगीरथ, ह्यांची ती कथा.

आता प्रेमाच्या तऱ्हा पाहू. सुरुवात तळीरामापासून करतो. ‘तळीरामाचे कसले प्रेम?’ असे कोणी विचारील. पण दारूच्या गुत्त्यात जी माया असते तिची ज्यांना माहिती आहे, ते असे विचारणार नाहीत. अपमान झालेल्या माणसाजवळ जो सर्वांत आधी येऊन बसतो, कारण विचारीत नाही, उपदेश करीत नाही आणि ‘घ्या, बरे वाटेल’ म्हणतो, तो माणूस त्या क्षणी सख्ख्या भावापेक्षा जवळचा वाटतो. तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’त सर्वांना मुक्त प्रवेश आहे, तेथे कोणी कोणाला हिणवीत नाही. गडकऱ्यांनी ह्या मंडळावर आपण पोट धरून हसावे अशी सोय केली आहे. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात यावी की, सुधाकरला त्याच्या बरोबरीच्या सभ्य समाजाने झिडकारल्यावर दार उघडे ठेवणारी ही एकच जागा होती. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त इयागो कॅसिओला आग्रह करकरून पाजतो, पण तो शत्रू आहे आणि त्याचा डाव आधीच ठरलेला आहे. देवलांनी १८९० साली त्या नाटकाचे ‘झुंजारराव’ केले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक त्या खलपुरुषाला ओळखतो. तळीराम असा खलपुरुष नव्हे. तो स्वतःही त्याच खड्ड्यात आहे आणि तेथेच मरतो. त्याचे प्रेम खोटे नाही, ते फक्त बुडत्याने बुडत्याला मारलेली मिठी आहे. हे ओळखल्याशिवाय गुत्ता कशाने भरतो हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय तो रिकामा करता येत नाही.

दुसरे प्रेम सिंधूचे. ह्या प्रेमाविषयी मराठीत इतके अश्रू ढाळले गेले आहेत की, त्याकडे कोरड्या डोळ्यांनी पाहणे कठीण झाले आहे. बालगंधर्वांच्या सिंधूने एका पिढीला रडविले. ती माहेरची श्रीमंत आहे. नवऱ्याने तिला शपथ घातली आहे की माहेरची कवडी घ्यावयाची नाही, आणि ती शपथ ती जिवापलीकडे पाळते. भाऊ दारात उभा असताना ती जात्याच्या खुंट्याला हात घालते. शेवटी, मूल गेले आहे, आपणही जाण्याच्या वाटेवर आहोत, अशा वेळी पोलीस चौकशीला येतात. तेव्हा ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, झाला तो अपघात असे सांगते. डेस्डेमोनाही मरताना हेच करते. कोणी मारले असे विचारल्यावर ती नवऱ्याचे नाव घेत नाही, आपलेच घेते. इंग्लंडातल्या आणि महाराष्ट्रातल्या नाटकांतील ह्या दोन स्त्रियांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे, पण दोघींचे शेवटचे वाक्य एकच खोटे बोलते.

हर्सूलच्या श्रोत्यांना ह्या प्रसंगाचा अर्थ अधिक लवकर समजेल. आपल्या गावाला मध्यवर्ती कारागृहाचा शेजार आहे. त्या भिंतीकडे भेटीच्या दिवशी जाणाऱ्या बाया, हातात पिशवी आणि कडेवर मूल घेऊन, आपण रस्त्याने पाहतो. नवऱ्याला त्या दारामागे जाऊ न देण्यासाठी सिंधू खोटे बोलली. ह्या खोटेपणात प्रेम किती आणि भीती किती, हे कोणत्या तराजूने मोजावयाचे? सुधाकर तुरुंगात गेला तर सिंधूच्या वाट्याला काय येते, हेही पाहिले पाहिजे. नवऱ्याची अब्रू गेली की तिची गेली. नवऱ्यावाचून तिला समाजात जागाच नाही. तेव्हा सिंधूच्या त्यागाला नमस्कार करताना तिला त्यागावाचून दुसरे काय मोकळे होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

तिसरे प्रेम भावाचे. पद्माकर रागीट आहे, पण बहिणीवर त्याचा जीव आहे, आणि त्याचे म्हणणे व्यवहारात बरोबर आहे. बुडणाऱ्या घरातून माणूस बाहेर काढावे, एवढेच तो म्हणतो. मग त्याचे प्रेम का फुकट जाते? कारण तो बहिणीला नेऊ पाहतो, तिला उभी करू पाहत नाही. एका पुरुषाच्या घरून दुसऱ्या पुरुषाच्या घरी, एवढाच प्रवास तो तिला देऊ शकतो. सुधाकरचा अभिमान आणि पद्माकरचा अभिमान ह्यांच्या मध्ये सिंधू आहे, आणि दोन्ही बाजू तिला आपली म्हणतात.

चौथे प्रेम रामलालचे. हा नाटकातील सर्वांत शहाणा माणूस. मित्राचा मित्र आणि सिंधूचा मानलेला भाऊ. शरदला तो लेकीप्रमाणे वाढवतो, शिकवतो. आणि एके दिवशी त्याला कळते की आपल्या मनात तिच्याविषयी वेगळीच अभिलाषा जागी झाली आहे. येथे गडकऱ्यांचे धाडस दिसते. उपदेश करणारा माणूस निष्कलंक दाखविण्याची त्या काळची चाल होती. गडकऱ्यांनी उपदेशकाच्या मनातही एक प्याला भरून ठेवला. फरक इतकाच की रामलाल तो ओळखतो, त्याची लाज धरतो आणि ओठांपर्यंत नेत नाही. तो बाजूला होतो आणि शरदचा हात भगीरथाच्या हाती देतो. वडीलकीचा अधिकार हाती असताना तो न वापरणे ही प्रेमाची अवघड तऱ्हा आहे. आश्रयदाता आणि आश्रित ह्यांच्यात, मालक आणि नोकर ह्यांच्यात, गुरू आणि विद्यार्थिनी ह्यांच्यात हा प्रश्न आजही पदोपदी येतो.

पाचवे प्रेम शरद आणि भगीरथ ह्यांचे. दोघेही पोळलेली माणसे आहेत. एकीला समाजाने लहानपणीच बाजूला टाकले, दुसऱ्याने स्वतःला टाकून दिले. भगीरथ दारूतून कसा सुटला, हे नीट पाहण्यासारखे आहे. त्याच्यासाठी कोणी पत्नी जात्यावर बसलेली नव्हती. रामलालने त्याला हात दिला आणि त्याचबरोबर काम दिले. लोकसेवेचे का होईना, पण ‘तुझ्यावाचून हे अडते’ असे वाटावे असे काम. भगीरथ आधी कामाचा झाला, मग प्रेमाला पात्र झाला. नाटकात तग धरते ते प्रेम हेच.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर आलो. सिंधूचे प्रेम शरदच्या प्रेमापेक्षा कमी होते काय? मुळीच नाही. मग सिंधू मरते आणि शरदचा संसार उभा राहतो, ह्याचे कारण प्रेमाच्या खोलीत सापडावयाचे नाही. ते प्रेमाच्या बाहेर शोधले पाहिजे. शरद विधवा आहे, आणि हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. समाज नाके मुरडील, वाळीत टाकील, पण लग्न कायदेशीर ठरेल एवढी एक फट त्या भिंतीला पडली होती. विधवेसाठी दार किलकिले झाले होते, सवाष्णीसाठी मात्र ते घट्ट बंद होते. उच्चवर्णीय हिंदू पत्नीला घटस्फोटाचा हक्क नव्हता. फार तर पोटगीचा अर्ज करता येई, पण बंधन सुटत नसे. उलट कायद्याचा हात तिला मागे ओढण्यासाठी होता. रखमाबाईंच्या प्रसिद्ध खटल्यात १८८७ साली न्यायालयाने हुकूम केला की, नवऱ्याकडे नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. सिंधू नवऱ्याचा तुरुंग चुकविण्यासाठी मरताना खोटे बोलते. तिच्या तीस वर्षे आधी एका खऱ्या मराठी स्त्रीने नको असलेल्या संसारापेक्षा स्वतः तुरुंगात जाणे पसंत केले होते. पण रखमाबाईंसारख्या किती निघणार?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुस्तकांतून निसटते. कष्टकरी जातींत काडीमोड होती, पाट लावण्याची रीत होती. जातपंचायतीचा जाच होता, दंड होता. ह्या रीती म्हणजे स्वर्ग होता असे कोणी समजू नये. तरीपण दारुड्या नवऱ्याला सोडून दुसरे घर करणारी स्त्री तेथे अगदीच अनोळखी नव्हती. सिंधूचे दुःख हे सर्व मराठी स्त्रियांचे दुःख म्हणून रंगभूमीवर गाजले खरे, पण त्या दुःखाचा एक भाग विशिष्ट वर्गाच्या प्रतिष्ठेने घडविलेला होता. पुढे मात्र उलटा प्रकार झाला. खालच्या जातींतील माणसे वर येऊ लागली तसतशी त्यांनी ती प्रतिष्ठाही उचलली आणि काडीमोड ही मागासलेपणाची खूण मानून टाकून दिली. सिंधूचे जाते अशा रीतीने आमच्याही घरांत आले.

कायद्याचे दार पुढे कसकसे उघडले? नाटक रंगभूमीवर आले त्याच १९१९ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. ज्या बडोद्यात सिंधू पहिल्यांदा मेली, त्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदूंच्या लग्नविच्छेदाचा निर्बंध केला. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला. पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, म्हणून मुंबईचा तो कायदा आपल्या वाट्यास आला नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा सबंध देशातील हिंदू पत्नीला एका कायद्याखाली तो हक्क मिळाला. मारहाणीपासून संरक्षण देणारा आणि नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क मान्य करणारा स्वतंत्र कायदा २००५ साली झाला. म्हणजे सिंधूला जी गोष्ट हवी होती, घर न सोडता मार चुकविणे, ती कायद्याच्या पुस्तकात यावयास नाटकानंतर ८६ वर्षे लागली. पुस्तकातून घरात यावयास किती लागतील, ते आपल्यावर आहे.

आता सहावे प्रेम, ज्याचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. ते सुधाकरचे. सुधाकर सिंधूवर प्रेम करीत नाही असे नाटकात कोठेही नाही. तो शुद्धीवर असतो तेव्हा त्याला आपण काय करीत आहोत ते दिसते, आणि एकदा तर तो निश्चयाने दारू सोडून नोकरी शोधावयास बाहेर पडतो. काय होते? पूर्वी ज्यांच्या पंक्तीला तो बसे, ती माणसे त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. दारोदार अपमान होतो. ज्या अपमानाने त्याला पहिला प्याला पाजला, तोच अपमान त्याला परत तेथे नेऊन सोडतो. मूल मरते तो प्रसंग अधिक रक्तबंबाळ आहे, पण आमच्या मते नाटकाची खरी शोकांतिका येथे घडते. सिंधूच्या प्रेमाने त्याला दारूपासून उठविले होते. उठलेल्या माणसाला उभे राहावयास जमीन लागते, आणि ती जमीन बायको देऊ शकत नाही. ती काम देते. काम समाजाच्या हातात असते.

संघटनेच्या कामात आम्ही हा अंक अनेकदा पाहिला. चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत पगाराच्या दिवशी दाराशी उभ्या राहणाऱ्या बाया पाहिल्या. नवरा बाहेर पडण्याच्या आत आणि गुत्त्याकडे वळण्याच्या आत त्याला गाठावयाचे, ही त्यांची धडपड असे. दारूपायी गैरहजर राहिला म्हणून बडतर्फ झालेला एक कामगार उपचार घेऊन सहा महिने कोरडा राहिला आणि रोज कोठे ना कोठे अर्ज घेऊन जात असे. त्याच्या बायकोने आम्हाला विचारले होते, “ह्यांनी सोडली, आता तुम्ही काय करता?” प्रश्न साधा होता. संघटनेने त्याच्यासाठी भांडावे की नाही, ह्यावर आमच्याच कार्यकारिणीत दोन तट पडले. ‘दारुड्यांसाठी भांडून चांगल्या कामगारांचे नाव का घालवा?’ असे म्हणणारे लोक वाईट नव्हते. पण सुधाकरला दारातून परत पाठविणारे सभ्य गृहस्थ तरी कोठे वाईट होते?

ह्या देशातील कामगार चळवळीच्या पहिल्या माणसाला हे समजले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. फुल्यांनी स्वतः १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. सुट्टीचा आणि दारूचा संबंध काय, असे वाटेल. पण पहाटेपासून अंधार पडेपर्यंत यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला घरची माणसे ओळखण्याइतका वेळ नसेल, तर तो प्रेम करणार कधी? त्याच्यापाशी उरतो तो अर्धा तास, आणि अर्ध्या तासात सर्वांत स्वस्त मिळते ती गुंगी. विलायतेत तर १८८३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला की, मजुरी दारूच्या गुत्त्यात वाटू नये. ज्या देशाने आम्हाला अबकारीचा १८७८ चा कायदा दिला आणि दारूतून सरकारी तिजोरी भरली, त्याच देशाला आपल्या मजुरांसाठी हे बंधन घालावे लागले.

तेव्हा ‘एकच प्याला’ने मराठी स्त्रीला सोसावयास शिकविले, असा जो आक्षेप घेतला जातो, त्यात तथ्य आहे काय? आहे. सिंधूला देवी करून तिच्या फाटक्या लुगड्याला टाळ्या वाजविणारे प्रेक्षागृह हे त्या आक्षेपाचे समर्थन आहे. कित्येक सासवांनी आणि आयांनी सिंधूचे उदाहरण देऊन मुलींना परत पाठविले असेल. पण नाटककाराने आपल्या हातात दुसरा पुरावाही ठेवला आहे. सिंधूचे प्रेम जर जिंकावयाचे असते, तर गडकऱ्यांना तसा शेवट करणे जड नव्हते. पतिव्रतेच्या पुण्याईने नवरा सुधारला, हा शेवट त्या काळच्या प्रेक्षकाला अधिकच गोड वाटला असता. त्यांनी तो केला नाही. सिंधूच्या सर्वस्वाच्या मोबदल्यात एकही माणूस वाचत नाही. नवरा नाही, मूल नाही, ती स्वतःही नाही. आणि त्याच नाटकात नवऱ्याचे गुण त्याच्या तोंडावर सांगणारी तळीरामाची बायको गीता आहे. ती मार खाते, पण मार हा प्रसाद आहे असे म्हणत नाही. प्रेक्षकांनी सिंधूची पूजा केली आणि गीतेला हसले. हे निवडणे प्रेक्षकांचे होते.

दारू हा रोग आहे आणि रोग्याला उपचार व काम दोन्ही लागतात, ही समजूत आपल्याकडे सावकाश रुजली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट ह्यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या मदतीने मुक्तांगण उभे राहिले. तेथील काम पाहिले म्हणजे भगीरथाची गोष्ट नाटकातली राहत नाही. केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, हेही इतिहासाने दाखविले. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा करून १९५० पासून पूर्ण दारूबंदी केली आणि पुढे परवान्यांच्या वाटेने ती सैल होत गेली. आज आमच्याच जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. त्यांत राबणारे हात कामगारांचे आहेत, आणि त्यांच्या घरी चूल पेटते ती त्याच पगारावर. हा पेच आम्ही झाकून ठेवणार नाही. कारखाना बंद करा म्हणणे आम्हाला सोपे नाही; पण वस्तीच्या तोंडाशी असलेले दुकान बंद करण्याचा अधिकार त्या वस्तीतील बायांना असला पाहिजे, हे म्हणणे सोपेही आहे आणि आवश्यकही.

तसा अधिकार आज आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा वॉर्डातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागते, आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी दुकान बंदच्या बाजूने मत दिले की ते बंद होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते आणि एक आडवी. आडव्या बाटलीला शिक्का म्हणजे दुकान बंद. मतदानाला न आलेल्या बाईचे मत दुकानाच्याच बाजूचे ठरते, म्हणून प्रत्येक घरातून बाई बाहेर काढावी लागते. नवरा नको म्हणतो, दुकानदार धमकावतो, स्वयंपाक उरकत नाही. तरी ती यावी लागते. संप करावयाचा तर हेच करावे लागते.

सिंधूपाशी प्रेम होते, पण दुसरी सिंधू तिच्या शेजारी उभी नव्हती. शेजारच्या घरी, पलीकडच्या गल्लीत, त्याच रात्री तेच जाते फिरत असेल, हे तिला कोणी सांगितले नाही. ज्या जानेवारीत तिचा लेखक मरण पावला, त्या जानेवारीत मुंबईच्या लाख माणसांना आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही हे कळले होते. घरातील दुःखाला ते कळावयास आणखी फार वर्षे लागली. नवऱ्यावर प्रेम करणारी बाई आडव्या बाटलीवर शिक्का मारते तेव्हा ती प्रेम सोडत नाही. ते एकटीच्या खांद्यावरून उतरवून चारचौघींच्या खांद्यावर ठेवते. गडकऱ्यांच्या नाटकात प्रेमाच्या इतक्या तऱ्हा आहेत, पण ही एक नाही. ती लिहिण्याची पाळी आपल्या वस्त्यांवर आली आहे.